तैवानचे रॉक आणि स्वभाषेचा प्रश्न

डिसेंबर १९७६ मध्ये तैवानच्या तामकांग महाविद्यालयात पाश्चात्त्य गाण्यांचा कार्यक्रम चालू असता ली श्वांग-त्से हा तरुण कोकाकोलाची बाटली घेऊन रंगमंचावर आला. देशोदेशींचे तरुण हेच पेय पितात आणि इंग्रजी गाणीच गातात. मग आपली गाणी कोठे आहेत, असा त्याचा सवाल होता. सभागृहात टाळ्याही पडल्या आणि हुर्योही उडाली. त्याने जुनी तैवानी व चिनी गाणी म्हटली. आणि श्रोत्यांनी डिवचले तेव्हा, परकी गाणीही चांगली असतात असे म्हणून, बॉब डिलनचे एक गाणेही गायले असे सांगतात. बाटलीची आठवण काढणारे या उत्तरार्धाकडे सहसा फिरकत नाहीत.

तैवानात रॉक संगीत आले ते अमेरिकन फौजेबरोबर. फौजेचे नभोवाणी केंद्र, व्हिएतनाममधून विश्रांतीसाठी येणारे सैनिक, त्यांच्यासाठी उघडलेले क्लब आणि चोरून छापलेल्या स्वस्त तबकड्या यांतून तेथील तरुणांनी गिटार उचलली व हुबेहूब नक्कल साधली. अशा संगीताने संस्कृती बुडते, अशी ओरड करणे सोपे होते. परंतु सर्वसामान्य तैवानी मुलाच्या तोंडची भाषा गिटारने हिरावली नव्हती. ते काम १९४९ नंतर मुख्य भूमीवरून आलेल्या कुओमिंतांग राजवटीने केले होते. बहुसंख्यांची होक्कियन बोली शाळेत उच्चारली तर दंड होई, गळ्यात पाटी अडकवली जाई. १९७६ च्या कायद्याने तर नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील बोलीभाषांचे कार्यक्रम वर्षागणिक कमी करण्याचे ठरविले. संस्कृतिरक्षणाची भाषा करणारे सरकारच हे करीत होते!

म्हणून लो ता-यू या वैद्यकीच्या पदवीधराचे १९८२ मधील पदार्पण महत्त्वाचे ठरते. काळे कपडे, काळा चष्मा आणि कर्कश वाटणारा आवाज. त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव होते ‘चिह हू चे ये’, म्हणजे अभिजात चिनी गद्यातील चार अव्यये; जणू कोणी मराठी गायकाने ‘च, वा, तु, हि’ असे शीर्षक देऊन पंडितांची खोडी काढावी. तैपेईच्या झगमगाटात लुकांग या जुन्या बंदराच्या गावासाठी झुरणारा तरुण त्याने रॉकच्या ठेक्यावर उभा केला. पुढच्याच वर्षी त्याने तैवानला आशियाचे अनाथ मूल म्हटले. गीते तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची नजर चुकावी म्हणून ते गाणे इंडोचीनच्या निर्वासितांना अर्पण केल्याचे उपशीर्षक जोडले. तथापि त्याची भाषाही मुख्यतः राज्यकर्त्यांनी मान्य केलेली मँडरिनच होती, हे नोंदवले पाहिजे.

जुलै १९८७ मध्ये लष्करी कायदा उठला आणि १९८९ मध्ये ‘काळी यादी’ असे खोडसाळ नाव घेतलेल्या गटाने होक्कियनमध्ये रॉक व रॅप गायला प्रारंभ केला. १९४७-४८ साली मुख्य भूमीवर निवडून आलेले प्रतिनिधी चाळीस वर्षांनंतरही संसदेतील जागा अडवून बसले होते, त्यांची टिंगल या गाण्यांत होती. नभोवाणीने ती नाकारली. पण १९९० मध्ये लिम ग्योंगचे, आगगाडीने तैपेईला निघालेल्या खेड्यातील मुलाचे गाणे घरोघर पोचले, आणि रडक्या, म्हाताऱ्यांच्या गाण्यांची म्हणून हिणवलेली बोली तरुणांची झाली. बोलीभाषांवरील ते कायदेशीर बंधन रद्द झाले १९९३ मध्ये, म्हणजे गाण्यांच्या मागाहून. पुढे वू बाई आला, महोत्सव आले. ‘थोनिक’ या कर्णकटू हेवी मेटल गटाचा गायक फ्रेडी लिम २०१६ मध्ये संसदेतही पोचला.

ली श्वांग-त्से हे पाहायला उरला नाही. सप्टेंबर १९७७ मध्ये समुद्रात बुडणाऱ्या एकाला वाचविताना तो गेला. ‘सुंदर बेट’ या त्याच्या गाण्याच्या प्रक्षेपणावर सरकारने बंदी घातली. २० मे २०१६ रोजी राष्ट्राध्यक्षा त्साइ इंग-वेन यांच्या शपथविधीच्या समारंभात ते सरकारी व्यासपीठावरून गायले गेले.