एकादशीचे व्रत आणि देहाचे वजन

आषाढी एकादशी जवळ आली की दोन बोल हटकून कानी पडतात. ‘एकादश्या धरल्या म्हणजे वजन आपोआप उतरते’ हा एक. आणि ‘आम्ही मूळचेच सडपातळ, आम्हांस कसला मधुमेह?’ हा दुसरा. या दोन्ही समजुती समाजात इतक्या रुजल्या आहेत की, त्यांस शास्त्राधार असल्याचेही बेधडक सांगितले जाते. म्हणून या पर्वकाळी त्यांचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘उपवास’ म्हणजे जवळ राहणे, भगवंताच्या सन्निध राहणे. या अर्थात साबुदाण्याला स्थान नाही. ज्या कंदापासून आपला साबुदाणा तयार होतो, तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतील. आपल्या स्मृतिकारांस तो ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात, म्हणजे जवळजवळ तांदळाइतक्याच. प्रथिने मात्र नाममात्र. त्यात दाण्याचे कूट, बटाटा आणि तूप यांची भर पडली म्हणजे खिचडीचे ताट नित्याच्या भाजी-भाकरीहून जड होते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण पूर्वजांनी अनुभवावाचून केलेली नाही. कडकडीत उपवासाने काट्यावर थोडा उतार दिसतो हे खरे. परंतु तो बहुतांशी पाण्याचा असतो आणि द्वादशीचे पारणे होताच भरून निघतो.

दुसरी समजूत अधिक घातक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंदित देहांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत अतिस्थूल आहे, तसाच अतिकृशही आहे. दोहोंत कृश बरा, असा चरकाचा अभिप्राय. तथापि त्याने गौरविला आहे तो प्रमाणबद्ध मांसाचा, घट्ट बांध्याचा, तहानभूक आणि ऊनथंडी सोसणारा देह. केवळ हलकेपणाला त्याने आरोग्य म्हटलेले नाही.

आधुनिक संशोधनही याच दिशेला बोट दाखविते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेली बालके सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साडेतीन किलोची; तरीही आपल्या बालकांत मांस कमी आणि चरबी त्या मानाने टिकून, असे याज्ञिकांच्या अभ्यासात आढळले. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसालाही मधुमेह गाठतो, त्याचे एक मर्म येथे आहे.

तेव्हा नुसत्या काट्यावर विसंबू नये. कमरेचा घेर पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राखावा, असे आपल्याकडील वैद्यकाचे सांगणे आहे. देह बारीक असला तरी रक्तातील साखर तपासून घ्यावी. आणि चालावे! वारीच्या वाटेवर वजन उतरो न उतरो, मांसाला बळ येते, साखर आटोक्यात राहण्यास साह्य होते.

मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन घेणाऱ्यांस आमचे कळकळीचे सांगणे आहे: वैद्यांस विचारल्यावाचून निराहार राहू नये, साखर एकाएकी उतरून प्राणावर बेतू शकते. व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी धर्मशास्त्राने सांगितल्या आहेत. त्यांत जल, फल, दूध आहे, आणि औषधही आहे. ज्या शास्त्राने रुग्णाला इतकी मोकळीक दिली, त्याच्याच नावाने औषध चुकविणे ही भक्ती नव्हे. देह हे हरिसेवेचे साधन आहे. ते जपणे हेही व्रतच होय.