गृहिणींसाठीं : युक्त्या पारखून घ्याव्या

पाकशास्त्रावर मराठींत पुस्तकांची वाण नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हें पुस्तक १९१० सालीं निघालें. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें १९७० सालापासून घरोघर ठाण मांडलें. तथापि पुस्तकें कृति सांगतात. स्वयंपाकांतील बारीकसारीक युक्त्या मात्र सासूकडून सुनेकडे व आजीकडून नातीकडे बहुधा तोंडींच जातात. या वारशाविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु आदर म्हणजे डोळे मिटून स्वीकार नव्हे. युक्तीमागचें कारण कळलें म्हणजे ती केव्हां उपयोगीं पडते व केव्हां अपाय करते, हेंही कळतें. म्हणून या महिन्यांत नित्याच्या कांहीं युक्त्या पारखून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आंबट पदार्थ व पितळेचीं भांडीं. पितळेच्या भांड्यांत ताक वा चिंचेची आमटी ठेवूं नये, ती कळकते, असें जुन्या बायका बजावून सांगत. तें अक्षरशः खरें आहे. चिंच, आमसूल, दहीं यांतील अम्लामुळें तांबें विरघळून अन्नांत उतरतें. चव बिघडते, आणि मळमळ व वांति होण्याचा संभव असतो. कल्हई म्हणजे भांड्यास आंतून दिलेला कथिलाचा पातळ थर. तो अन्न व धातु यांच्यामध्यें पडद्याचें काम करतो. हल्लीं हौसेनें पितळी पातेलीं पुन्हां घरांत येऊं लागलीं आहेत. पण कल्हईवाला पूर्वींसारखा दारावर येत नाहीं. तेव्हां भांड्याचा आंतील पांढरा रंग जाऊन पिवळा दिसूं लागला, कीं कल्हई होईपर्यंत त्यांत आंबट कांहीं शिजवूं नये. तसेंच कल्हईचें भांडें रिकामें आंचेवर ठेवूं नये. कथील सुमारें २३२ अंश सेंटिग्रेडलाच वितळतें. लोणच्यास मात्र चिनी मातीची वा कांचेची बरणीच बरी.

विरजण. दूध तापवून बोटास सहज सोसेल इतकें कोमट झालें, म्हणजे विरजण लावावें. ही बोटाची परीक्षा उष्णतामापकाच्या हिशेबानें ४० ते ४५ अंशांच्या आसपास जाते, आणि दह्याच्या जिवाणूंना हीच ऊब मानवते. दूध फार कढत असेल तर ते मरतात. गार असेल तर सुस्तावतात. थंडींत विरजलेलें भांडें गव्हाच्या किंवा तांदळाच्या डब्यांत पुरून ठेवण्याची रीत आहे, तीही सयुक्तिक होय. धान्यामुळें दुधाची ऊब लवकर जात नाहीं. भांडें एकदां ठेवलें, कीं दहीं लागेपर्यंत हलवूं मात्र नये.

डाळी, कडधान्यें व सोडा. छोले लवकर शिजावे म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकण्याची चाल आहे. सोड्यानें दाणा मऊ होतो हें खरें. पण त्याबरोबर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, बरेंच नष्ट होतें. रात्रभर भिजत घातल्यानें तेंच काम नुकसानीवांचून होतें. चिंच, आमसूल वा टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालावे. आधीं घातल्यास दाणा टणक राहतो. राजम्याविषयीं विशेष जपावें. कच्च्या राजम्यांत पोटास बाधणारें विषारी द्रव्य असतें, व अर्धवट शिजवल्यानें तें जात नाहीं. निदान पांच तास भिजवून तें पाणी टाकून द्यावें, नव्या पाण्यांत निदान दहा मिनिटें खळखळ उकळूं द्यावें, आणि मग मऊ होईतों शिजवावें. कुकरांत नीट शिजवलेल्या राजम्यास भीति नाहीं.

सोड्याची खरी जागा केकांत. तेथेंही त्याला दह्यासारख्या आंबट पदार्थाची जोड लागते. नाहींतर केकास साबणासारखी चव येते. सोड्यावर लिंबाचे चार थेंब पिळून पाहावे. फसफसला तर तो चांगला. बेकिंग पावडरींत अम्ल आधींच मिसळलेलें असतें, म्हणून ती नुसत्या गरम पाण्यांत टाकून पारखावी. सोडा मिसळल्यावर मिश्रण ताटकळत ठेवूं नये. ओव्हन आधीं तापलेला असावा.

उरलेला भात. आतां ज्या विषयासाठीं आम्हीं मुख्यतः ही लेखणी उचलली, त्याकडे वळूं. दहावीस माणसांच्या घरांत भाताचा अंदाज रोज नेमका बसणें कठीण, थोडाबहुत उरतोच. तो पातेल्यांत झांकून ओट्यावर ठेवावा व सकाळीं फोडणीस टाकावा, हा आपला परिपाठ. “फोडणींत सगळे जंतु मरतात” असें आश्वासनही वर मिळतें. हें आश्वासन खोटें आहे.

कच्च्या तांदळावर ‘बॅसिलस सीरियस’ नांवाच्या जिवाणूचे बीजाणु असूं शकतात. भात शिजला तरी त्यांतील कांहीं टिकून राहतात. मग भात तासन्‌तास कोमट राहिला, कीं ते रुजतात, वाढतात व विष निर्माण करतात. हें विष इतकें चिवट असतें, कीं भात पुन्हां कितीही तापवला तरी तें नाहींसें होत नाहीं. इंग्लंडांत १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत चिनी उपाहारगृहांतील परतलेला भात खाऊन लोकांस वांत्या झाल्या, तेव्हां या प्रकाराकडे शास्त्रज्ञांचें विशेष लक्ष गेलें. शिजवलेला भात घरच्यासारखाच बराच वेळ बाहेर ठेवून मग परतला जात असे. वांत्या बहुधा एक ते सहा तासांत सुरू होतात व दिवसभरांत थांबतात; पण लहान मुलें, वृद्ध माणसें व गरोदर स्त्रिया यांना तेवढ्यानेंही थकवा येतो.

यावर उपाय सोपा आहे. जेवणें आटोपतांच उरलेला भात परातींत पसरून वाफ जाऊं द्यावी, व तासाभरांत, फार तर दोन तासांत, उथळ डब्यांत घालून फ्रीजमध्यें ठेवावा. दुसऱ्या दिवशीं एकदांच, वाफा निघेपर्यंत सगळीकडून तापवावा, आणि त्यांतूनही उरला तर ठेवूं नये. फ्रीज नसेल तेथें भात रात्रभर ठेवूंच नये. पोळीभाकरींत ओलावा कमी, म्हणून त्या भातापेक्षां बऱ्या टिकतात. सकाळच्या कुस्कऱ्यास आमची हरकत नाहीं. मात्र बुरशी वा तार दिसली तर मोह धरूं नये. मुळांत भात उरूंच नये यासाठीं आठ दिवस एका कागदावर रोज किती वाट्या तांदूळ घेतले, पंक्तीला किती माणसें होतीं व किती भात उरला, हें टिपून ठेवावें. नवव्या दिवशीं अंदाज आपोआप बसूं लागतो.

परंतु याहून महत्त्वाचा प्रश्न असा कीं, हा उरलेला भात कोणाच्या पानांत पडतो? पुरुषांना व मुलांना ताजा वाढावा, आणि मागाहून बसणाऱ्या सुनांनीं कालचा संपवावा, अशी रीत सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतूनही अद्याप दिसते. अन्नाचा अवमान करूं नये ही शिकवण थोर आहे. पण तिचा भार एकट्या सुनेच्या पोटानें कां वाहावा? त्यांत ती दोन जिवांची असली, किंवा अंगावर पाजणारी असली, तर त्या काटकसरीची किंमत किती मोठी होऊं शकते!

म्हणून घरच्या कर्त्या सासूबाईंना आमची एक नम्र सूचना आहे. मामंजींच्या पानांत जें वाढण्यास हात धजत नाहीं, तें सुनेच्या पानांतही वाढूं नये. उरलेलें अन्न चांगलें असेल, तर तें सर्वांच्या पानांत थोडें थोडें पडावें. चांगलें नसेल, तर तें कोणाच्याच पानांत पडूं नये. या नियमास खर्च नाहीं व शास्त्राचा विरोध नाहीं. घरांतील सर्वांनीं एका पंक्तीस बसण्याची संवय ठेवल्यास तो आपोआपच पाळला जाईल.

पुढील अंकीं धान्याच्या सांठवणीविषयीं, विशेषतः किडीपासून धान्य कसें राखावें याविषयीं, लिहिण्याचा आमचा विचार आहे.