नाताळाआधीचा एक रविवार

डिसेंबर उजाडला, हवेत थोडा गारवा आला की शहरांना धावण्याची आणि सायकल चालविण्याची आठवण होते. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 साली सुरू झाली. डिसेंबरचा पहिला रविवार हा तिचा परंपरेने ठरलेला दिवस. तिच्या मागेपुढे कितीतरी हौशी दौडी आणि सायकलफेऱ्या निघतात. पहाटे पाहुणे झेंडा दाखवतात, मुले रंगीत टोप्या घालून धावतात, आजोबा नातवाबरोबर चार पावले पळतात. दहा वाजता कमानी उतरतात आणि रस्ता पुन्हा मोटारींच्या स्वाधीन होतो. या आनंदात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच आहे की, अशा दिवसाचे पुढे काय होते? या प्रश्नाचे एक उत्तर अर्ध्या शतकापूर्वी दूरच्या एका शहराने दिले आहे.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशाची राजधानी बोगोटा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,600 मीटर उंचीवर वसलेली आहे. तेथे 7 डिसेंबरच्या रात्री घरोघरी मेणबत्त्या उजळून नाताळच्या दिवसांचा आरंभ करतात, आणि 16 तारखेपासून नऊ दिवसांची प्रार्थना, म्हणजे नोव्हेना, चालते. नोव्हेना हा शब्द गोव्याच्या वाचकांना परका नाही. ही प्रार्थना सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, 15 डिसेंबर 1974 रोजी, रविवारी, हाइमे ऑर्तिझ मारिन्यो हे वास्तुरचनाकार आणि त्यांचे सायकलप्रेमी मित्र यांनी शहरातील दोन प्रमुख रस्ते काही तासांसाठी मोटारींना बंद करवून घेतले. सुमारे पाच हजार माणसे सायकली घेऊन आली. दिवस सणासुदीचा होता, परंतु ती केवळ सहल नव्हती. रस्ते मोटारींसाठी रुंद होत आहेत आणि सामान्य माणसाला मोकळी हवा घेण्यास जागा उरलेली नाही, ही तक्रार त्यांनी आनंदाच्या रूपाने मांडली होती.

त्याच सुमारास मोटारीविना रविवार युरोपनेही पाहिले होते. 1973 च्या तेलसंकटात हॉलंड आणि पश्चिम जर्मनी यांनी रविवारी खाजगी मोटारींवर बंदी घातली आणि मोकळ्या रस्त्यांवर लोक चालत व सायकलींवरून बाहेर पडले. परंतु ती टंचाईने लादलेली सक्ती होती. टंचाई सरताच बंदीही सरली. बोगोटाचा रविवार कोणी लादलेला नव्हता, तो मागून घेतलेला होता.

उत्सवाची संस्था झाली

अशा उपक्रमांना आपल्याकडे ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण तंतोतंत लागू पडते. बोगोटातही ती लागू पडली असती. तसे झाले नाही, याचे श्रेय पहिल्या दिवसाच्या उत्साहापेक्षा त्यानंतर झालेल्या रूक्ष कामाला अधिक आहे. 1976 साली महापौरांनी हुकूम काढून या उपक्रमाला अधिकृत स्थान दिले. पुढे तो रेंगाळला. तेव्हा 1982 साली आउगुस्तो रामीरेझ ओकाम्पो या महापौरांनी त्याला नवे बळ देऊन 54 किलोमीटरचे मार्ग आखून दिले. 1990 नंतर तो पुन्हा ओसरला. तेव्हा 1995 साली त्याची व्यवस्था वाहतूक खात्याकडून काढून शहराच्या क्रीडा व मनोरंजन संस्थेकडे सोपविण्यात आली. खात्याच्या या बदलाचे महत्त्व सरकारी कचेरीत काम करणाऱ्याला सांगावे लागणार नाही. ज्या खात्याचे काम वाहने पुढे सरकवणे आहे, त्याला माणसांचे बागडणे ही अडचणच वाटणार!

आज ‘सिक्लोव्हिया’ या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत चालतो. त्याचे मार्ग शंभर किलोमीटरच्या पुढे गेले असून दहा लाखांहून अधिक माणसे त्यात उतरतात, असे अंदाज आहेत. डिसेंबरात नाताळच्या रोषणाईत एका रात्रीही रस्ते असेच मोकळे केले जातात, आणि कुटुंबेच्या कुटुंबे दिव्यांच्या माळांखालून चालत, धावत, सायकली हाकीत जातात. नाव नोंदवावे लागत नाही, शुल्क नाही, पदक नाही आणि पहिला-दुसरा क्रमांकही नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

रस्ता बंद केला तर रुग्णवाहिकेने कोठून जावे, दुकानदाराने काय करावे, बस कशा धावाव्यात, हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु बोगोटाने ते टाळले नाहीत, सोडविले. दुहेरी रस्त्याची बहुधा एकच बाजू बंद होते व दुसरीवरून वाहतूक चालू राहते; चौकाचौकांत नियंत्रक वाहनांना आणि सायकलींना आळीपाळीने वाट देतात. शाळांतील वरच्या वर्गांचे विद्यार्थीही समाजसेवेचा भाग म्हणून या कामी उभे राहतात. रस्त्याकडेला फळांचा रस विकणारे आणि सायकली दुरुस्त करणारे यांनाही रोजगार मिळतो. खर्चाचे म्हणाल तर 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तो भाग घेणाऱ्यामागे वर्षाला सुमारे सहा डॉलर एवढाच आढळला, आणि आरोग्यावरील खर्चात होणारी बचत त्याच्या तिपटीहून अधिक ठरली.

आपल्याकडे अशा कल्पनांचा दुष्काळ नाही, दुष्काळ आहे तो सातत्याचा. 2014 च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे-सांताक्रूझ भागातील रस्ते रविवारी सकाळी लोकांना मोकळे करून देण्याचा उपक्रम सुरू झाला. गर्दी झाली, कौतुक झाले, पण तो टिकला नाही. 2022 च्या मार्चमध्ये पोलिसांच्या पुढाकाराने मुंबईत तसाच प्रयोग पुन्हा झाला. तोही रुजला नाही. पुण्यात 11 डिसेंबर 2021 रोजी महापालिकेने पादचारी दिन पाळून गजबजलेला लक्ष्मी रस्ता एका दिवसापुरता चालणाऱ्यांना दिला. पुढील वर्षांतही हा दिवस पाळला गेला, ही चांगली गोष्ट. परंतु वर्षातून एक दिवस पायी चालणाऱ्याचा, हे वाक्य नीट उच्चारून पाहिले म्हणजे उरलेले दिवस कोणाचे, हे निराळे सांगावे लागत नाही.

विशेष म्हणजे पुण्याला हे परकीयांकडून शिकावे लागावे, अशी स्थिती एके काळी नव्हती. ‘सायकलींचे शहर’ हीच या गावाची ओळख होती. शिक्षक शाळेत, कारकून कचेरीत, विद्यार्थी महाविद्यालयात आणि कामगार कारखान्यात सायकलीवरूनच जात. डबलसीट जाणाऱ्याला किंवा बिनदिव्याची सायकल हाकणाऱ्याला शिपाई अडवी, एवढे तिचे राज्य होते. 2017 साली महापालिकेने सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. कागदावर सायकलमार्ग आहेत. प्रत्यक्षात त्यांपैकी कित्येकांवर मोटारी उभ्या असतात. आज सायकलीवरून कामाला जाणारा तो बहुधा इलाज नाही म्हणून जातो, आणि रविवारी हौसेने सायकल चालविणारा सोमवारी मोटारीतून त्याच्या बाजूने भोंगा वाजवीत निघतो!

अर्थात मोकळा रविवार हे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. सोमवारी अपघात होतात, धूर असतो, बसची वाट पाहणारा ताटकळतोच. बोगोटाचीही त्यातून सुटका झालेली नाही. परंतु ज्या मुलाने दर आठवड्याला रस्त्याच्या मधोमध निर्भयपणे सायकल चालविली, त्याला रस्ता आपलाही आहे हे कोणी शिकवावे लागत नाही. सवयीतून हक्काची जाणीव येते, आणि जाणीव असलेला नागरिकच पदपथाची व सायकलमार्गाची मागणी नेटाने करू शकतो. वर्षाकाठी एकदाच येणारा सोहळा आठवण देतो, सवय देत नाही.

म्हणून डिसेंबरातील दौडी आणि सायकलफेऱ्या जरूर व्हाव्यात. पण त्यांच्या आयोजकांना आणि व्यासपीठावरील पाहुण्यांना एक साधा प्रश्न विचारला जावा: पुढल्या रविवारी हा रस्ता मोकळा असेल काय? ठरलेला एखादा रस्ता, ठरलेली वेळ, महापालिकेचा ठराव, अंदाजपत्रकात त्याची तरतूद आणि जबाबदार असे एक खाते, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. बोगोटातील पाच हजार माणसे 15 डिसेंबर 1974 च्या दुपारी घरी परतली, तेव्हा त्यांच्यापाशी याहून अधिक काही नव्हते. किंबहुना एवढेही नव्हते.