साहेबाचा खानसामा आणि व्हिएतनामचा फो

गेल्या काही वर्षांत मराठी मध्यमवर्गाच्या सहलींच्या यादीत सिंगापूर-बँकॉकच्या जोडीला व्हिएतनामचे नाव आले आहे. २०२२ साली मुंबईहून तेथे थेट विमाने सुरू झाली आणि २०२४ साली पाच लाखांहून अधिक भारतीय तो देश पाहून आले. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु सहलींच्या जाहिरातींत निळ्या समुद्राच्या छायाचित्राखाली एक आश्वासन हमखास छापलेले आढळते : 'रोज भारतीय जेवण'. या आश्वासनाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमच्या नांदगावच्या इतिहासात या प्रश्नाचा एक जुना दाखला आहे. मनमाडहून औरंगाबादकडे (आजचे छत्रपती संभाजीनगर) रेल्वे जाण्यापूर्वी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, वेरूळची लेणी पाहायला निघालेले युरोपीय प्रवासी आगगाडीने नांदगाव स्थानकावर उतरत आणि पुढची वाट टांग्याने कापत. त्या काळी डाकबंगल्यात खानसामा असे. तो साहेबाला साहेबाच्या सवयीचे रांधून घाली. कैलास लेणे पाहून साहेब थक्क होई, स्तंभांची मोजमापे टिपून घेई. पण लेण्यांच्या वाटेवरच्या गावांतली बाजरीची भाकरी आणि ठेचा त्याच्या ताटात सहसा येत नसे. त्याने दगड पाहिला, माणूस पाहायचा राहिला. आज आपला प्रवासी हनोईत वातानुकूलित बसमधून उतरून पनीर आणि डाळ जेवतो आणि पुन्हा बसमध्ये चढतो, तेव्हा नकळत तो त्या साहेबाचाच वारसा चालवीत असतो.

यावर शाकाहाराचा आक्षेप येईल. तो प्रामाणिक आहे आणि त्याचा आदर केला पाहिजे. पण शाकाहार म्हणजे परक्या देशाकडे पाठ फिरवणे नव्हे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला आणि पुढे १८८६ साली अमेरिकेला गेल्या. शाकाहार त्यांनी तिकडेही सोडला नाही. तरीही १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या ग्रंथात त्या समाजाची केवढी बारकाईची पाहणी आहे! व्हिएतनामात तर शाकाहाराची स्वतंत्र परंपराच आहे. तिथले अनेक बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमासळी वर्ज्य करतात, जसे आपल्याकडे कोणी एकादशी किंवा चतुर्थी पाळतो. या आहाराला तिकडचा शब्द आपल्या 'चाय'च्या अगदी जवळचा आहे. चाय म्हटले की तिथे चहा येत नाही, शाकाहारी जेवण येते! खाणावळीच्या पाटीवर हा शब्द दिसला की आत टोफू, अळंबी, भाज्या आणि भात मिळण्याची खात्री. एरवी साध्या दिसणाऱ्या भाजीतही मासळीचे आंबवलेले खारे पाणी असू शकते, हे ठाऊक असलेले बरे.

ज्यांना कसलेच पथ्य नाही, त्यांनी तर 'फो' टाळणे अनाकलनीय आहे. हाडांचा रस्सा कित्येक तास मंद आचेवर ठेवायचा आणि तांदळाच्या रुंद शेवयांवर ओतायचा, असा हा पदार्थ. त्याला वास असतो तो दालचिनीचा आणि बाद्यानचा. हे बाद्यान, म्हणजेच चक्रफूल, आपल्या गोड्या मसाल्यात पडते. चीनच्या सीमेलगतचा लांग सोन प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि भारत व्हिएतनामी चक्रफुलाचा मोठा ग्राहक आहे. म्हणजे जो सुगंध आपण पिढ्यान् पिढ्या आमटीत घातला, तोच त्याच्या माहेरच्या रस्त्यावर भेटला तर आपण 'उग्र' म्हणून नाक मुरडतो.

साम्ये आणखीही आहेत. पातळ पीठ वाफवून त्याच्या चकत्या बांबूच्या ताट्यांवर उन्हात वाळवलेल्या दिसल्या, की खानदेशातले बिबडे आणि कोकणातल्या फेण्या आठवतात. साच्यातून उकळत्या पाण्यात पाडलेल्या तांदळाच्या शेवयांना मालवणी माणूस शिरवाळ्यांची भावंडे म्हणेल. फ्रेंचांच्या पावात तिथल्या लोकांनी आपले लोणचे आणि कोथिंबीर घातली. आपण पोर्तुगिजांच्या पावात वडा घातला. मात्र साम्य हा उंबरठा आहे, तिथेच बसून राहायचे नसते. आपल्याकडे पदार्थ चुलीवर पुरा होतो आणि ज्याने रांधले त्याच्या नावावर जमा होतो. तिथे ताटाशेजारी हिरव्या पाल्याचा ढीग, लिंबाची फोड आणि मिरची ठेवतात. पदार्थ खाणाऱ्याच्या हातून पुरा होतो. हा फरक पुस्तकात वाचून समजत नाही. त्यासाठी पदपथावरच्या बुटक्या स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसावे लागते.

प्रवासाच्या साधनांचेही तेच. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग १९३६ साली पुरा झाला, पुढे युद्धांत तुटला आणि १९७६ साली पुन्हा जोडला गेला. तो अजूनही मीटर गेजचा आहे. आमच्या मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा मार्गही एके काळी तसाच होता, त्यामुळे त्या गाडीची संथ चाल आमच्या भागातल्या जुन्या माणसांना परकी वाटू नये. सगळा प्रवास सलग केला तर तीस तासांहून अधिक वेळ लागतो. तितका वेळ नसेल तर ह्वे ते दा नांग हा डोंगर आणि समुद्र यांच्यामधला टप्पा तरी करावा. शहरात मोटारसायकलच्या मागे बसून जाण्याची सोय आहे. त्या वाहनाच्या जुन्या नावाचा अर्थच 'मिठीची गाडी' असा होतो. आणि दुचाकींच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडायचा तर न धावता, न थबकता एका लयीत चालत राहायचे. लोंढा तुम्हाला वळसा घालून जातो. बसच्या खिडकीतून हे कोणी शिकत नाही.

व्हिएतनामविषयी मराठीत सर्वाधिक फिरणारा मजकूर कोणता? शिवाजी महाराजांच्या चरित्राचा अभ्यास करून त्या देशाने अमेरिकेला हरवले, हा. त्यात ना ग्रंथाचा आधार असतो, ना तारखेचा. महाराजांच्या थोरवीला अशा निराधार दाखल्याची गरजच नाही. पण या मजकुराची लोकप्रियता बोलकी आहे : परक्या देशाच्या एवढ्या मोठ्या लढ्यातही आपल्याला पाहायचा असतो तो आपलाच चेहरा. 'रोज भारतीय जेवण' हा त्याच वृत्तीचा ताटातला अवतार आहे.

पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' १९६३ साली आले. त्या काळी परदेश पाहणे मोजक्यांच्याच नशिबी होते. आज जाणारे पुष्कळ आहेत, परंतु सांगणारे थोडे. गटाने जाऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. वयस्कर माणसांना त्याचा मोठाच आधार असतो. पण दिवसाकाठी एक जेवण तरी स्वतः शोधावे, एक टप्पा तरी तिथल्या लोकांच्या गाडीने करावा. परतल्यावर शेजारी विचारतील, 'काय पाहिले?' त्या उत्तरात एखाद्या फोवालीचा हात, एखाद्या सहप्रवाशाने पुढे केलेले फळ आले, तर तो प्रवास. नाहीतर आपलाच डाकबंगला आपण विमानात घालून नेला आणि परत आणला, एवढेच.