मराठी की मॅनेजमेंट : निवड कोणाची?

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील असंख्य घरांत एकच वाद उभा राहतो. मुलीला भाषेची गोडी आहे, गुणही भाषेतच चांगले आहेत. परंतु मामा म्हणतात, ‘मराठी घेऊन बी. ए. करून पुढे काय? बी.बी.ए. कर, कुठे तरी कंपनीत चिकटशील.’ वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतील मार्गदर्शक या वादात दोन ठरावीक सल्ले देतात. एक सांगतो, आवड जपा. दुसरा सांगतो, बाजार पाहा. दोघेही गृहीत धरतात की त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीपुढे दोन सारखी दारे उघडी आहेत आणि तिने फक्त पाऊल टाकायचे आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ही निवड तिच्या घरात होण्यापूर्वीच मंत्रालयात आणि संस्थाचालकांच्या बैठकीत होऊन गेलेली असते.

भाषांचे विभाग बहुतांशी अनुदानित महाविद्यालयांत आहेत. तेथील प्राध्यापकाचे वेतन शासन देते, आणि म्हणूनच शासनाला काटकसरीची उबळ आली की पहिली कुऱ्हाड तेथे पडते. निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही. त्या जागी घड्याळी तासिका तत्त्वावर एखादा नेट-सेट उत्तीर्ण, पुष्कळदा पीएच.डी. झालेला तरुण येतो. तासागणिक मोजून मिळणारा मोबदला, तोही अनेकदा महिनोन्महिने थकलेला. सुट्टीच्या काळात तर काहीच नाही. पहिल्या बाकावरचा विद्यार्थी हे सारे पाहत असतो. आपल्या विषयातील सर्वोच्च पदवी मिळवलेला माणूस मोटारसायकलवरून दोन-तीन महाविद्यालये गाठून कसाबसा संसार रेटतो, हे त्याला दिसते. भाषेच्या पदवीविरुद्ध याहून परिणामकारक जाहिरात कोणत्याही खाजगी संस्थेला पैसे मोजूनही करता आली नसती.

व्यवस्थापनाच्या पदवीचे अर्थकारण निराळे आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. पुढे तेच तत्त्व बी.बी.ए., बी.एम.एस. अशा अभ्यासक्रमांच्या रूपाने साध्या कला-वाणिज्य महाविद्यालयांच्या आवारात शिरले. या अभ्यासक्रमांना मोठी प्रयोगशाळा लागत नाही, रुग्णालय लागत नाही. फळा, बाके आणि अलीकडे भिंतीवर एक पडदा असला की पुरते. शुल्क विद्यार्थ्याकडून घ्यायचे, शिक्षक कंत्राटावर नेमायचा आणि उरलेल्या रकमेला ‘विकास निधी’ म्हणायचे. जो अभ्यासक्रम संस्थेला उत्पन्न देतो त्याचे फलक प्रवेशद्वारावर लागतात; जो खर्चात पाडतो त्याचे नाव माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर जाते. २०२४ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने हे पदवी अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा आली. पहिल्याच वर्षी ती परीक्षा दुसऱ्यांदा घ्यावी लागली. दरम्यान काही महाविद्यालयांनी पदवीला वाणिज्य शाखेचे नवे नाव देऊन परीक्षेतून अंग काढून घेतले. पदवीचे नाव इतक्या सहजतेने बदलता येत असेल, तर तिच्या ‘व्यावसायिक’पणाचा बडेजाव किती खरा, याचा विचार पालकांनी अवश्य करावा.

अर्थशास्त्रात शिक्षणाला ‘मानवी भांडवल’ मानणारा एक संप्रदाय आहे. गॅरी बेकर यांचा त्याच नावाचा ग्रंथ १९६४ चा. शिक्षणाने कौशल्य वाढते आणि कौशल्याने वेतन वाढते, असे हे सरळ गणित. परंतु १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी दुसरी बाजू दाखविली. मालकाला उमेदवाराची खरी गुणवत्ता दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे केवळ खूण म्हणून पाहतो. ही खूण प्रत्येकाच्या कपाळी लागली की तिची किंमत उतरते आणि मालक आणखी वरची खूण मागू लागतो. तालुक्याच्या गावी कर्ज काढून बी.बी.ए. झालेल्या मुलाचे नेमके हेच होते. त्याला ‘रिलेशनशिप मॅनेजर’ असे भारदस्त पद मिळते. काम असते विम्याच्या पॉलिसी खपवण्याचे किंवा बचतगटाच्या बायकांकडून हप्ते वसूल करण्याचे. व्यवस्थापन करावे असे त्याच्या हाताखाली काहीच नसते. आणि ज्यांच्या हाताखाली खरोखर काही असते त्यांची शिडी वेगळीच आहे. १९६१ साली अहमदाबाद आणि कलकत्ता येथे व्यवस्थापन संस्था उभारताना सरकारने सार्वजनिक पैसा घातला होता, हे विसरता येत नाही. वरच्या थराच्या व्यवस्थापन शिक्षणासाठी तिजोरी उघडली. खालच्या थरासाठी मात्र बापाची जमीन किंवा आईचे दागिने. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शेतकऱ्याच्या साऱ्यातून वरिष्ठ वर्गाचे उच्च शिक्षण चालते अशी तक्रार केली होती. तिची धार अजून गेलेली नाही.

म्हणून समाजवाद्यांनी व्यवस्थापनाला नाके मुरडावीत, असे मुळीच नाही. ‘धंदा’ हा शब्द ऐकताच सोवळे नेसणारी एक प्रवृत्ती चळवळीत आहे. तिने चळवळीचे नुकसानच केले आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला तो केवळ भाषणांवर नव्हे. त्यामागे हिशेब होता, भांडवलाची शिस्त होती. सहकारी बँका, दूध संघ, शेतकरी कंपन्या यांना जमाखर्च समजणारी, ताळेबंद वाचणारी गावातील मुले हवीत. तसे व्यवस्थापन शिकवणारा अनुदानित वर्ग किती तालुक्यांत सापडेल?

तीच गोष्ट भाषेची. भाषेला काम नाही, हा समजच खोटा आहे. राजभाषा अधिनियम १९६४ चा. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असेल ही अधिसूचना १९९८ ची. तरीही निकालपत्रे पुष्कळदा इंग्रजीतच येतात, आणि शेतकरी ज्या कर्जरोख्यावर अंगठा उठवतो त्यातील कलमे त्याला कळत नाहीत. न्यायालये, बँका, रुग्णालये, नगरपालिका यांना अनुवादक, संपादक, परिभाषा जाणणारे लेखनिक हवे आहेत. काम आहे, त्या कामासाठी मंजूर पद नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला, पेढे वाटले गेले. रिद्धपूरच्या मराठी विद्यापीठाची घोषणा २०२३ च्या अर्थसंकल्पातली. या दोन्हींचे स्वागतच आहे, परंतु सत्काराच्या शालीने रिकामी खुर्ची झाकली जात नाही.

शासनाला भाषेचे मोल कळत नाही, असेही म्हणवत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, तेव्हा जर्मन शिकविण्याची सोय सरकारने तातडीने मनावर घेतली. परक्या मालकाला आपले श्रम समजावेत यासाठी भाषा शिकवायला पैसा निघतो. आपल्याच न्यायाधीशाचा निकाल आपल्या माणसाला समजावा यासाठी निघत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेचा गौण विषय घेण्याची मुभा आहे. कागदावर मराठीच्या विद्यार्थिनीला हिशेबशास्त्र आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला अनुवाद शिकता येईल, आणि बारावीनंतरचा तो घरगुती वादच निम्मा निकालात निघेल. पण गौण विषयालाही शिक्षक लागतो. त्यामुळे मागणी नेमकी असली पाहिजे. भाषांच्या रिक्त जागा पूर्ण वेतनावर भरा. वाणिज्य व व्यवस्थापनाचे पदवी वर्ग टप्प्याटप्प्याने अनुदानावर आणा. न्यायालये आणि जिल्हा कार्यालयांत अनुवादकांची पदे मंजूर करा. विद्यार्थी आणि प्राध्यापक संघटनांना प्रारंभ उद्याच करता येईल. प्रत्येक महाविद्यालयात माहितीच्या अधिकाराखाली दोनच प्रश्न विचारावेत. भाषांच्या किती मंजूर जागा रिकाम्या आहेत आणि केव्हापासून? आणि विनाअनुदानित वर्गांचे गेल्या पाच वर्षांतील शुल्क कोठे खर्च झाले?