‘का जाता?’ आणि ‘का जात नाही?’



विजय मर्चंट यांच्या नावावर एक वाक्य नेहमी सांगितलं जातं. लोक ‘का जाता?’ म्हणत असतानाच माणसाने निवृत्त व्हावं, ‘का जात नाही?’ म्हणेपर्यंत थांबू नये. त्यांना ते शोभतंही. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा केल्या आणि तीच त्यांची शेवटची कसोटी ठरली. शाळेतल्या निरोप समारंभांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचा वक्ता ते कधी म्हणणार, हे आम्ही शिक्षक आधीच ओळखायचो.

वाक्य चांगलं आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की लोक आधी पहिला प्रश्न विचारतात आणि बऱ्याच वर्षांनी दुसरा. मला तसं दिसत नाही. दोन्ही प्रश्न बहुधा एकाच गर्दीतून, कधी कधी एकाच तोंडून येतात. मग बिचाऱ्या जाणाऱ्याने ऐकायचं कुणाचं?

हे मला सुचलं ते अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या कोचांमुळे. आता तुम्ही म्हणाल, बाईंचं डोकं फिरलं की काय! आमच्या घरच्या मंडळींना माहीतच आहे, माझा नातू अलाबामात शिकायला होता. फोनवर अभ्यासाबद्दल दोन वाक्यं आणि फुटबॉलबद्दल वीस. ऐकून ऐकून मलाही गोडी लागली. हा फुटबॉल आपला नव्हे बरं का. लांबट चेंडू हातात धरून पळायचं आणि समोरच्याने आडवं पाडायचं, असा तो खेळ.

अलाबामा राज्यात या खेळाचा मोठा व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे सगळी माया विद्यापीठाच्या संघावर. टस्कलूसा गावातल्या त्यांच्या स्टेडियममध्ये सुमारे एक लाख माणसं बसतात. खेळाडू तीन-चार वर्षांत शिकून बाहेर पडतात, नवे येतात. राहतो तो फक्त कोच. म्हणून लोक जीव लावतात तो कोचवर. शाळेतही असंच असतं. मुलांच्या तुकड्या बदलत राहतात, पण गावाला आठवतात त्या बाई आणि ते सर.

निक सेबन हे तिथले कोच. २००७ ते २०२३ या काळात त्यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्याआधी २००३ मध्ये लुइझियाना स्टेटला एक मिळवून दिलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये टेक्सासने त्यांच्या संघाला घरच्या मैदानावर ३४-२४ असं हरवलं. लगेच बोललं जाऊ लागलं, की संपला यांचा काळ, वय झालं. डिसेंबरमध्ये त्याच संघाने जॉर्जियाला हरवून आपल्या विभागाचं विजेतेपद मिळवलं. १ जानेवारी २०२४ ला मिशिगनकडून जादा वेळेत पराभव झाला आणि १० जानेवारीला ७२ वर्षांच्या सेबन यांनी निवृत्ती जाहीर केली. झालं! स्टेडियमबाहेरच्या त्यांच्या पुतळ्यापाशी लोकांनी फुलं आणून ठेवली. सोबत कोका-कोलाच्या बाटल्या आणि सेबन रोज न्याहारीला खायचे ती ओटमीलची क्रीम भरलेली बिस्किटंसुद्धा. जिवंत, धडधाकट माणसाच्या पुतळ्याला नैवेद्य! ‘का जात नाही?’ आणि ‘का जाता?’ यांत अंतर होतं फक्त चार महिन्यांचं.

सेबन यांनी पुढे एका मुलाखतीत जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. नव्याने येणारी मुलं आणि मदतनीस कोच त्यांना विचारायचे, तुम्ही अजून तीन वर्षं, पाच वर्षं आहात ना? आणि त्याचं प्रामाणिक उत्तर देणं त्यांना दिवसेंदिवस जड जात होतं. मुलांचंही चूक नाही. अठराव्या वर्षी चार वर्षांसाठी विद्यापीठ निवडायचं, तर कोच तोवर राहणार का, हे कळायला नको? प्रतिस्पर्धी तर टपलेलेच असतात, ‘तिकडे जाऊ नकोस, म्हातारा निघाला’ असं सांगायला. म्हणून विद्यापीठं करार लांबवत राहतात. सेबन यांचा करार २०२२ मध्ये वाढवून २०३० पर्यंत नेला होता. म्हणजे कागदावर ते ७८ व्या वर्षापर्यंत कोच!

जाण्याची भीती कुठून येते, तेही याच गावात कळतं. बेअर ब्रायंट हे इथले जुने कोच. २५ वर्षं कोच, सहा विजेतेपदं. २९ डिसेंबर १९८२ ला शेवटचा सामना जिंकले आणि २६ जानेवारी १९८३ ला हृदयविकाराने गेले. मध्ये फक्त अठ्ठावीस दिवस. टस्कलूसाहून बर्मिंगहॅमला अंत्ययात्रा निघाली तेव्हा रस्त्याच्या कडेने आणि पुलांवर माणसं उभी होती. ही गोष्ट पुढच्या कोचांच्या मनात काट्यासारखी रुतून बसली. फ्लोरिडा स्टेटचे बॉबी बाउडन थट्टेने म्हणायचे, निवृत्तीनंतर आयुष्यात एकच मोठा प्रसंग उरतो.

बाउडन १९७६ पासून तिथे होते. १९८७ ते २००० अशी सलग चौदा वर्षं त्यांचा संघ देशातल्या पहिल्या पाचांत. पण नंतर उतरती कळा लागली. ऑक्टोबर २००९ मध्ये हंगाम चालू असतानाच विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगून टाकलं, की आता पुरे. ऐंशी वर्षांच्या बाउडन यांना अजून एक हंगाम हवा होता. तो मिळाला नाही. मग १ जानेवारी २०१० च्या शेवटच्या सामन्याला शेकडो माजी खेळाडू आले, सामना जिंकल्यावर खेळाडूंनी त्यांना खांद्यावर घेतलं. हार-तुरे उत्तम झाले, पण आधी जे ऐकवायचं ते ऐकवून झालं होतं.

आणि पेन स्टेटचे जो पटर्नो. १९६६ पासून मुख्य कोच. इंग्रजी साहित्याचे पदवीधर, विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी पैसा उभा करणारे. (तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. कोचाच्या नावाचं ग्रंथालय ऐकून मी तर नमस्कारच केला.) २००० ते २००४ या पाच हंगामांपैकी चारांत विजयांपेक्षा पराभव जास्त. २००४ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष त्यांच्या घरी जाऊन ‘आता थांबा’ असं सुचवून आले. ७७ वर्षांच्या पटर्नोंनी ऐकलं नाही. पुढच्याच हंगामात ११ विजय, एकच पराभव! शेवटचा सामना तर बाउडन यांच्याच संघाविरुद्ध जिंकला. ‘जा’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली, आणि त्यानंतर त्यांना जा म्हणणं आणखीच अवघड होऊन बसलं.

पुढचं लिहिताना हात जड होतो. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांचे अनेक वर्षांचे जुने सहकारी जेरी सँडस्की यांना लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपाखाली अटक झाली. २००१ मध्ये एका मदतनिसाने डोळ्यांनी पाहिलेला प्रकार पटर्नोंना सांगितला होता. त्यांनी तो वरिष्ठांच्या कानावर घातला, पोलिसांकडे गेले नाहीत. आपण अधिक काही करायला हवं होतं, असं ते स्वतःच अखेर म्हणाले. हंगाम संपताच निवृत्त होतो असं त्यांनी ९ नोव्हेंबरला जाहीर केलं, पण विश्वस्तांनी त्याच रात्री फोनवरून त्यांना काढून टाकलं. हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, एका दूरचित्रवाणी वाहिनीची गाडी उलथवली. कशासाठी? कोचांना काढलं म्हणून. दोनच दिवसांनी त्याच विद्यापीठात त्या पीडित मुलांसाठी हजारो मेणबत्त्याही लागल्या, हे सांगायलाच हवं. पण आधी आठवले कोच. मुलं नंतर. जानेवारी २०१२ मध्ये पटर्नो कर्करोगाने वारले. सँडस्की यांच्यावरचे ४५ आरोप सिद्ध होऊन त्यांना तीस ते साठ वर्षांची शिक्षा झाली.

आयुष्यभर मुलांत राहिलेली बाई म्हणून मला तो क्रम फार लागतो. आणि माझं मत असं, की तो क्रम एका रात्रीत उलटा झाला नाही. एखादा माणूस पंचेचाळीस वर्षं एका जागी राहतो, त्याच्याशिवाय संस्थेची कल्पनाच करवत नाही, तेव्हा चाहत्यांना वाटतं आपण संस्थेवर प्रेम करतोय. खरं तर संस्था कधीच त्याच्या सावलीत गेलेली असते. सावलीत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही, आणि दिसलं तरी बोलायला जीभ रेटत नाही.

मग उपाय काय? मला तर आपली साधी, रुक्ष सरकारी पद्धत आठवते. महाराष्ट्रात शाळेतला शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त. माझी वेळ नोव्हेंबरअखेर आली. दहावीच्या मुली म्हणाल्या, ‘बाई, आमची परीक्षा होईपर्यंत तरी थांबा ना!’ मी म्हटलं, ‘बाळांनो, तारीख मी नाही ठरवली.’ त्या वाक्याचा मला केवढा आधार वाटला! मी दमले होते का, माझं शिकवणं पूर्वीसारखं राहिलं होतं का, हे ना मला सांगावं लागलं, ना कुणाला मला सांगावं लागलं. ‘जा’ म्हणायला कुणी घरी आलं नाही. शाल, श्रीफळ, चार अश्रू, आणि दुसऱ्या दिवशी नव्या बाई वर्गावर. घंटा वेळेवर झाली असणारच.

तुम्ही म्हणाल, असा नियम असता तर पटर्नोंचा २००५ चा हंगाम झालाच नसता. खरं आहे. तारीख माणसाची कुवत मोजत नाही, तिच्यामुळे काही चांगली वर्षं वाया जातात. शिवाय अमेरिकेत बहुतेक नोकऱ्यांत केवळ वयावरून निवृत्त करायला कायद्याने मनाई आहे. पण वयावर बोट न ठेवताही मुदत घालता येते. अमुक वर्षापर्यंत आणि त्यापुढे नाही, असा करार दोघांनी आनंदात करावा आणि पाळावा. नव्या मुलांनाही खरं उत्तर मिळेल. सत्तरीच्या माणसाला ‘तुम्ही कधी जाणार?’ असं रोज विचारण्यापेक्षा चाहत्यांनी विद्यापीठाला ‘तारीख कधी सांगणार?’ असं एकदा विचारावं.

आणि तारीख आली की मागे वळून पुन्हा पुन्हा हाका मारू नयेत. सेबन यांच्या जागी केलन डिबोर आले. पहिल्या हंगामात १३ पैकी ९ सामने जिंकले, ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हँडरबिल्टसारख्या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाकडून हरले, आणि लोकांना लगेच सेबन आठवले. नव्या माणसाचा प्रत्येक पराभव जुन्याच्या पुतळ्याशेजारी उभा करून मोजला, तर जुना सुखाने जाणार कसा आणि नवा रुजणार कसा?

असो. माझ्या मते चाहत्यांच्या प्रेमाची परीक्षा ‘का जाता?’ म्हणण्यात नाहीच. ‘या आता, आम्ही सांभाळतो’ असं म्हणता येतं का, आणि मग खरंच सांभाळता येतं का, त्यात आहे.

तुमचं मत काय? विशेषतः तुमच्यापैकी जे निवृत्तीला टेकलेत, त्यांनी जरूर लिहा.