वाहणं, झिरपणं आणि मधली रेघ

पाणी वाहतं आणि पाणी झिरपतं. मराठीत ही दोन क्रियापदं आहेत, आणि गणितातही दोन वेगळी समीकरणं आहेत. संथ वाहणाऱ्या पाण्यासाठी स्टोक्सची. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी डार्सीचा नियम, जो त्याने १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथात मांडला. चुनखडीच्या भुयारांत सांडलेलं रसायन आसपासच्या खडकात किती मुरेल, हे सांगायचं तर दोन्ही एकत्र सोडवावी लागतात.

संगणकावर बहुधा दोन्ही भाग वेगळे सोडवतात. एक भाग सीमेवरचा वेग कळवतो, दुसरा दाब कळवतो, आणि उत्तरं जुळेपर्यंत ही देवाणघेवाण चालते. श्यानता आणि पारगम्यता फार कमी असली की ती रखडते. मग वेग आणि दाब यांचं मिश्रण पाठवायचं, की गाडी पुन्हा धावते. या पद्धतींवर गेल्या वीसेक वर्षांत उत्तम काम झालंय.

पण लक्षात घ्या, उत्तर जुळलं म्हणजे ते खरं ठरलं असं नाही. सीमेवरच्या तीन अटींपैकी दोन भक्कम आहेत: इकडून गेलेलं पाणी तिकडे पोहोचलं पाहिजे, आणि बलं समतोल हवीत. तिसरी अट प्रयोगातून आली आहे. भरीव भिंतीला लागलेला पाण्याचा थर स्थिर असतो, सच्छिद्र पृष्ठभागावर तो थोडा घसरतो. किती, ते अल्फा नावाचा गुणांक ठरवतो. बीव्हर्स आणि जोसेफ यांनी १९६७ साली तो मोजला, तेव्हा वेगवेगळ्या पदार्थांसाठी तो ०.१ पासून ४ पर्यंत निघाला. म्हणजे चाळीस पट फरक! तरी अनेक शोधनिबंधांत तो सरळ १ धरलेला दिसेल. शिवाय तो प्रयोग पृष्ठभागाला समांतर प्रवाहाचा होता. गाळणीसारख्या आरपार प्रवाहाला ही अट लागूच पडत नाही, असं स्टुटगार्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं.

कुणी म्हणेल, अल्फा बदलल्याने एकूण प्रवाहात फारसा फरक पडत नाही. पुष्कळदा हे खरंही असतं. मग तेच दाखवा ना! ०.१, १ आणि ४ घेऊन गणित तीनदा चालवा आणि तिन्ही उत्तरं छापा. सारखी आली, तर निश्चिंत व्हा. वेगळी आली, तर जाळी आणखी बारीक करून उपयोग नाही. तिथे प्रयोगशाळेत जाऊन मोजमापच करावं लागेल.

आपल्या पिण्याच्या पाण्याचे निर्णय अशा गणितांवर होतात. म्हणून पुढच्या वेळी पडद्यावर रंगीत, सुबक प्रवाह दिसला, की एवढंच विचारा: मधल्या रेघेवर काय धरलंय?